भिंतीवरची रेघ

वर्तकनगरहून पहाटे निघून ठाण्याला कोकण रेल्वेची गाडी धरली, तर दुपारच्या जेवणाआधी चिपळूण येतं. तरी 22 जुलै 2021 च्या पुरानंतर अम्मी माहेरी गेली नव्हती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघाली ती कामासाठी. गोवळकोटचं घर विकून मामूंना मुंब्र्याला मुलाकडे यायचं होतं आणि घरात अम्मीचाही हिस्सा, म्हणून तिची सही हवी होती. कागद माझ्या पर्समध्ये होते. खरं सांगायचं तर मलाही विकलेलंच बरं वाटत होतं.

अम्मीने रिक्षा मुद्दाम बाजारपेठेतून घ्यायला लावली. एकेकाळी दाभोळ बंदरातून वाशिष्ठीच्या खाडीने गलबतं गोवळकोटपर्यंत येत, आणि तिथून माल बैलांवर कुंभार्ली घाटाने कराडकडे जाई. या नदीने बाजार वसवला. तिनेच तो बुडवलाही, 2005 साली आणि पुन्हा 2021 ला. वरून सह्याद्रीचा पाऊस, खालून भरती, मध्ये गाळाने उथळ झालेलं पात्र; पाणी जाणार कुठे? दुकानं मात्र पुन्हा भरलेली. सुक्या मासळीचा वास तोच, आणि अम्मीची घासाघीसही तीच.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. मागे गोविंदगड, पलीकडे भातकापणी चाललेली. चिखलात मगर दिसते का म्हणून माझा मुलगा हलायला तयार नव्हता. इतकं सुंदर गाव, आणि आपण ते सोडण्याचे कागद घेऊन आलोय, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

घरी ओसरीवर रंगाचे दोन डबे होते. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. आत भिंतीवर, दाराच्या चौकटीच्याही वर, पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ.

"पुसली नाहीस रे?"

"दोनदा रंग दिला, आपा. ओल चढते, परत दिसते. आता तिसरा हात देतो."

फजरनंतर अम्मीने चष्मा मागितला आणि सही केली. मग म्हणाली, "रंग देऊ नकोस. पाणी कुठवर येतं ते घेणाऱ्याला दिसू दे."

"भाव उतरेल, आपा."

"उतरू दे. त्याचीही लेकरं इथेच झोपणार ना?"

मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. स्टेशनला निघताना त्यांनी डबे आमच्याच रिक्षात ठेवले आणि बाजारात उतरले. दुकानदाराने एक परत घेतला. दुसऱ्याचं झाकण उघडलेलं होतं.