मुलांचा तोल आणि घरातील वडीलधारे

व्यापारी घरात ‘तोल’ हा शब्द मुलाच्या कानावर फार लवकर पडतो. तराजूचा काटा मध्यावर यावा, मापात ग्राहकाचे नुकसान होऊ नये, हा आपल्या पेढीवरचा पहिला धडा. माझा स्वतःचा चरितार्थ बँकेत ताळेबंदाच्या दोन बाजू जुळविण्यात गेला. मात्र देहालाही तोल शिकावा लागतो, हे नातवाच्या निमित्ताने मी जवळून पाहिले.

मुलगा-सून दौंडला, आम्ही उभयता शिरूरला. नातू सात वर्षांचा झाला तरी सपाट फरशीवर अडखळे. जिना उतरताना कठडा सोडत नसे. त्याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळी होती. गल्लीतील मुलांनी लंगडीचा डाव मांडला की तो आपणहून ओट्यावर बसे आणि बाद झालेल्या गड्यांची मोजदाद करी. ‘मला मोजायलाच आवडतं,’ असे सांगे. इतक्या लहान वयात त्याने आपली भीती अशी झाकावी, हे सुनेला पाहवत नसे.

दौंडच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याचे डोळे, कान आणि पाय तपासून घेतले. दोष आढळला नाही. त्यांनी औषध दिले नाही. तोल म्हणजे काय ते मात्र समजावले. अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव डोके वळले की हलतो आणि मेंदूला हालचालीची वर्दी देतो. डोळे भोवतालचे भान देतात. तळपाय, स्नायू आणि सांधे शरीराची स्थिती कळवितात. या तिन्ही बातम्यांचा मेळ मेंदू क्षणोक्षणी घालतो, आणि हा मेळ सरावानेच बसतो. डोळे मिटून एका पायावर उभे राहून पाहावे, म्हणजे एक बातमी थांबली तर किती फरक पडतो, हे कोणालाही कळेल. साधारण पाच वर्षांचे मूल दहा सेकंद एका पायावर उभे राहू शकते. आमच्या नातवाला तीन आकड्यांच्या पुढे जाता येत नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो शिरूरला आला. सौभाग्यवतींनी अंगणात रांगोळीची लांब सरळ रेघ ओढली. अनवाणी, टाचेला पंजा लावीत त्या रेघेवरून चालायचे, हा सकाळचा पाठ. दात घासताना एका पायावर उभे राहायचे. आधी भिंतीला हात लावून, मग न लावता. संध्याकाळी आजीबरोबर ठिकरी आणि फुगडी. फुगडीत गरगर फिरून थांबल्यावर पाय स्थिर ठेवणे हा अंतःकर्णाचाच व्यायाम आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ही विद्या शास्त्र न वाचता जपली.

महाराष्ट्राने तर तोलाची स्वतंत्र कलाच घडविली. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरलेल्या खांबावर हात सोडून देह सावरणारी लहान मुले पाहिली की तोल किती कमावता येतो, याची खात्री पटते. अर्थात ते जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावे.

सायकलसाठी आम्ही सोपी युक्ती केली. बाजूची आधाराची चाके काढली, दोन्ही पायडलही काढून ठेवले आणि दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सायकल दुरुस्तीवाल्याने सांगितले.) पायांनी जमीन ढकलीत तो पुढे सरके. आठ-दहा दिवसांत पाय उचलून थोडे अंतर जाऊ लागला. पायडल परत बसविले त्या दिवशी मी मागून सीट धरायला गेलो, तर म्हणाला, ‘आजोबा, धरू नका, फक्त बरोबर चला.’

दिवाळीत दौंडला गेलो, तेव्हा तो लंगडीच्या डावात होता. लवकर बाद झाला, हसत उठला आणि पुढच्या डावासाठी थांबला. मोजायचे काम दुसऱ्याकडे गेले होते.

घरोघरीच्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे. आई-वडील दुकानात गुंतलेले असतात आणि मूल गादीवर मोबाईल घेऊन बसते. रोजचा अर्धा तास आपण देऊ शकतो. पडेल म्हणून त्याला सारखे धरून ठेवू नये. खाली मऊ जागा आहे ना, तेवढे पाहावे. मात्र आधी येणारी हालचाल मूल विसरू लागले, पडण्याचे प्रमाण अचानक वाढले किंवा चक्कर, डोकेदुखी सोबत असेल, तर खेळावर विसंबू नये. त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

आणि मुलांबरोबर आपणही, खांबाजवळ उभे राहून, एक पाय उचलून पाहावा. उतारवयातील पडणे किती महाग पडते, हे आपण सारे जाणतो. नातवाच्या मोजणीनुसार माझी मजल सध्या नऊपर्यंत आहे.