माझा वार मंगळवार

2008 ते 2012 अशी चार वर्षं मी वाकडला चौघांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. चौघंही आयटीवाले, हिंजवडीत कामाला, कुणी फेज एकमध्ये, कुणी तीनमध्ये. सुरुवातीला डबा लावला. महिनाभर रोज तोच बटाट्याचा रस्सा खाल्ल्यावर शेगडी आणि पाच लिटरचा कुकर विकत घेतला आणि वार ठरवले. मंगळवार आणि शुक्रवार माझे. चपात्या खालच्या पोळी-भाजी केंद्रातून आणायच्या, बाकी सगळं घरी. वार चुकवला तर दंड म्हणून सगळ्यांना बाहेर जेवू घालायचं. त्यामुळे वार कुणी चुकवत नसे.

माझं पिठलं नावाजलेलं होतं. हे मी म्हणत नाही, ते तिघं म्हणायचे. लसूण तेलात चांगला लाल होऊ द्यायचा, मिरची चिरायची नाही, ठेचायची. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने बेसन भुरभुरत सोडायचं आणि दुसऱ्या हाताने पळीने घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. मग झाकण ठेवून दोन वाफा. याशिवाय मसालेभात, अंड्याचा रस्सा, मुगाची आमटी, कोबी, दोन प्रकारची वांगी. एवढं मला येत होतं. यादी मुद्दाम देतोय, पुढे उपयोगाला येईल.

डिसेंबर 2012 मध्ये लग्न झालं. बायको नाशिकची, तीही आयटीतलीच, तिचं ऑफिस फेज दोनमध्ये. पहिल्याच आठवड्यात तिने सहज विचारलं, "तुला काय काय करता येतं?"

मी म्हणालो, "चहा. आणि मॅगी."

का म्हणालो, याचा मी नंतर बराच विचार केला. आधी ठरवून टाकलेली थाप नव्हती ती. त्या दिवसांत ऑफिसात जो तो म्हणत होता, "चला, तुझी जेवणाची चिंता मिटली." गावाकडे हळदीला मामा म्हणाले, "आता गरम खायला मिळंल पोराला." जणू चार वर्षं मी गार खात होतो. पण मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. सगळ्यांनी मिळून एक आयती खुर्ची पुढे सरकवली होती, मी तिच्यावर बसलो. दोन शब्दांचं काम होतं.

सासूबाईंनी रुखवतात लेकीला 'रुचिरा' दिली होती. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने घरोघरी पोचलं. कमलाबाईंना लोक 'एक लाख सुनांची सासू' म्हणत. जावयांचा हिशेब कुणी ठेवलेला दिसत नाही. तसं मराठीत छापलेलं पाकशास्त्राचं पहिलं पुस्तक म्हणजे 'सूपशास्त्र', 1875 सालचं, आणि ते लिहिलं रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाने. आमच्या गावजेवणातसुद्धा हातभर लांब उलथनं घेऊन कढईशी उभे असतात ते पुरुषच. म्हणजे शंभर माणसांचं करायला पुरुष चालतो, दोघांचं करायचं म्हटलं की त्याला येईनासं होतं.

पूर्वी पुण्यात गरीब घरची मुलं शिकायला यायची ती वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मी सात वर्षं एकाच घरी सातही वार लावून जेवलो.

संध्याकाळी दोघंही एकाच गर्दीतून यायचो. शिवाजी चौकात बस अडकायची, फेज तीनपासून घरापर्यंत कधी सव्वा तास, पावसाळ्यात दोन. ती बहुतेक माझ्या आधी पोचायची, पण दहा-पंधरा मिनिटंच. मी येईपर्यंत कुकरची पहिली शिट्टी झालेली असायची. मी दारात उभा राहून विचारायचो, "काही मदत करू?" हे वाक्य मी रोज बोलायचो आणि मला ते फार समजूतदारपणाचं वाटायचं. ती म्हणायची, "नको, बस तू." मी बसायचो. कधी म्हणायची, "कोथिंबीर निवड." मी विचारायचो, "कुठे आहे?" असं चार वेळा 'कुठे आहे' झालं की कोथिंबीर तीच निवडून मोकळी व्हायची. ज्या माणसाला तीन मित्रांच्या घरात हिंग कुठल्या डबीत आहे ते अंधारात कळायचं, त्याला स्वतःच्या घरात फ्रीजमधली कोथिंबीर दिसत नव्हती.

2014 मध्ये मुलगी झाली आणि आम्ही स्वयंपाकाला मावशी लावल्या. सकाळी सहाला यायच्या, तासाभरात दोन भाज्या, वरण-भात, पोळ्या. आमच्याकडे चपाती म्हणतात, बायकोकडे पोळी, मावशी लातूरकडच्या, त्या दोन्ही म्हणायच्या. प्रश्न सुटला असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात उद्या काय करायचं ते बायको आदल्या रात्री ठरवायची, भाजी ती निवडून ठेवायची, मावशींचा सकाळी पावणेसहाला "आज येत नाही ताई" असा फोन आला तर तो तिलाच यायचा. माझा नंबर मावशींकडे नव्हताच. सहा वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं वाक्य एकच आठवतं, "मावशी, तिखट जरा कमी."

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. सोसायटीने फाटक लावून घेतलं, मावशींना आत यायला मनाई. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला तिचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला माझा, मध्ये मुलगी चित्रं काढत बसलेली. बायको कानात इअरफोन घालून, मीटिंग म्यूटवर टाकून कणीक मळायची. कुणी तिचं नाव घेतलं की मनगटाने अनम्यूटचं बटण दाबायची. त्या लॅपटॉपच्या एका कळीवर अजून कणकेचा पांढरा डाग आहे. मी त्या काळात भांडी घासत होतो आणि मित्रांना ते सांगतही होतो.

मावशींच्या पगाराचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, "काम नाही तर निम्मा देऊ." माझा स्वतःचा पगार पूर्ण येत होता. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पूर्ण पैसे पाठवले. पुण्यातल्या मोलकरणींनी पगार आणि आजारपणाची रजा यांसाठी 1980 मध्ये संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, हे मी नंतर वाचलं. चाळीस वर्षांनी मी त्याच्याही मागे होतो.

आणि मग एप्रिलमधला तो रविवार. जुन्या फ्लॅटमधल्या चौघांनी व्हिडिओ कॉल लावला. बायको, मुलगी, सगळे कॅमेऱ्यात. नांदेडचा मित्र, सध्या बंगळुरात, तिला म्हणाला, "वहिनी, तुमची मजा आहे. लॉकडाऊनमध्ये रोज याच्या हातचं पिठलं. आम्ही इथे मरतोय त्याच्यासाठी." दुसरा म्हणाला, "आणि ती वांगी!"

बायको हसली. कॉल संपेपर्यंत हसत होती. संपल्यावर लॅपटॉप मिटला आणि एवढंच म्हणाली, "सात वर्षं?"

मी काहीतरी बोललो. सवय गेली, तुझ्यासारखं येत नाही, असलं काहीतरी. ती उठून आत गेली. त्या रात्री पिठलं मी केलं. गुठळ्या झाल्या. तिने खाल्लं आणि चांगलंही म्हटलं नाही, वाईटही नाही.

यानंतर माणूस सुधारला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण मला सुधारण्याचा उत्साह चढला, आणि तो जास्त वाईट निघाला. दर रविवारी बिर्याणी. चार तास स्वयंपाकघर माझ्या ताब्यात, ओट्यावर चौदा भांडी, तळलेल्या कांद्याचं तेल भिंतीपर्यंत. फोटो स्टेटसवर. ऑफिसातल्या बायकांचे बदाम. एका सहकारिणीने लिहिलं, "लकी वाइफ!" ते मी बायकोला वाचून दाखवलं. हे लिहितानाही कान गरम होतात.

तिने एकदा सुनावलं की रविवार सोडून आठवड्यात सहा दिवस असतात, तेव्हा मी जे केलं ते माझ्या पेशाला साजेसंच होतं. एक्सेल शीट केली. दोन रकाने, ती आणि मी, पुढे मिनिटं. महिनाभर इमानदारीने भरली. महिन्याअखेर बेरीज केली तर मी थोडासा पुढेच होतो! लॅपटॉप उचलून तिच्यासमोर नेला.

तिने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. म्हणाली, "मावशींचे तास तुझ्या रकान्यात कसे?" मावशी तोवर परत यायला लागल्या होत्या. मी म्हणालो, "पगार माझ्या खात्यातून जातो." म्हणजे पुरावा मीच पुरवला. मग तिने विचारलं, "बिर्याणीचे चार तास लिहिलेस. दही कुणी लावलं होतं? पुदिना कुणी आणला? कांदे कुणी चिरले?" दही तिने लावलं होतं, पुदिना तिने आणला होता, कांदे मावशींनी शनिवारीच चिरून ठेवले होते. आणि उद्या काय करायचं या विचाराला शीटमध्ये ओळच नव्हती. मला तो विचार कधी करावाच लागला नव्हता, मग ओळ कुठून सुचणार?

सरकारही अशी शीट ठेवतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषाची 97. आणि ही 97 सुद्धा जे पुरुष त्या दिवशी काहीतरी करतात त्यांचीच. 2024 च्या पाहणीत आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषाने आपली नऊ काढून घेतली. मध्ये अख्खी टाळेबंदी येऊन गेली, भांडी घासतानाचे एवढे फोटो आले, आणि अंतर एका मिनिटाने हललं.

शीट मी डिलीट केली. फ्रीजवर कागद लावला आणि वार लिहिले, जुन्या फ्लॅटसारखे. मंगळवार, गुरुवार रात्र आणि शनिवार पूर्ण माझे. काय करायचं, सामान, भिजवणं, ओटा पुसणं, सगळं त्या वारात. मावशींचा फोनही त्या दिवशी मला. हे बरं चाललं होतं. वर्षभर चाललं.

2022 मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आई-अण्णा महिनाभर आमच्याकडे राहायला आले. इथे मी जे केलं ते 'चहा आणि मॅगी'पेक्षा खालच्या दर्जाचं आहे. पहिल्या मंगळवारी मी घरी आलो, हातपाय धुतले आणि अण्णांशेजारी बातम्या बघत बसलो. कुणी काही बोललं नाही. साडेसात झाले, पावणेआठ झाले. आठ वाजता बायको खोलीतून उठली आणि तिने कुकर लावला. दुसऱ्या मंगळवारी तेच. गुरुवारी तेच. अण्णांसमोर मी ओट्याशी उभा राहू शकलो नाही. आमचे अण्णा म्हणजे ताटावर बसल्यावर पाण्याच्या तांब्यासाठीही हाक मारणारे. लाज त्यांची वाटत होती की माझी, कोण जाणे.

तिसऱ्या मंगळवारी काळा चष्मा लावून सोफ्यावर बसलेली आई बायकोला म्हणाली, "पोरी, मंगळवार आला की तुम्ही दोघं बोलत का नाही गं?"

बायकोने फ्रीजवरचा कागद काढून तिच्या हातात दिला. आईला डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती, तर मुलीने मोठ्याने वाचून दाखवला. "मंगळवार बाबा, गुरुवार बाबा."

आई अण्णांकडे बघून हसायला लागली. मग जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. अण्णा 1976 साली कोरेगाव तालुक्यातून चिंचवडला कंपनीत लागले. काळभोरनगरला एका खोलीत पाच जण, रॉकेलचा स्टोव्ह, आणि प्रत्येकाचा वार. 1981 मध्ये लग्न होऊन आई त्या भागात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. "मला चुलीवर भाकरी यायची, स्टोव्ह पेटवायची भीती वाटायची. पहिला महिना हेच करायचे. कांदा-लसणाची आमटी माझ्यापेक्षा झकास. मग नळावर बाया हसायला लागल्या, नवरा रांधतो अन् बायको बादल्या भरते. मीच म्हटलं, राहू द्या आता."

कंपनी बंद पडली, 1987 मध्ये ते गावी परतले. मी तेव्हा दोन वर्षांचा. मला माहीत असलेले अण्णा त्यानंतरचे.

मी अण्णांना विचारलं, "खरं?"

ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "बुधवार असायचा माझा. लग्नानंतर वारच राहिला नाही."

पुरुषांना कुणी शिकवत नाही म्हणून येत नाही, असं मी कितीतरी जेवणाच्या टेबलांवर ठासून सांगितलं होतं. आमच्या घरात तरी दोन पिढ्या येत असलेलं विसरल्या, आणि त्यांना विसरायला फार तर एक महिना लागला. आईला निदान नळावरच्या बायांनी हसून दाखवलं होतं. मला तर कुणी हसलंही नव्हतं.

त्या रात्री आमटी मी केली. अण्णांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ आधी घातलंस. डाळ शिजल्यावर घालायचं." मग तांब्यासाठी हाक मारली, ती मला.

हे कंपनीच्या बसमध्ये बसून फोनवर लिहितोय. शिवाजी चौक अजून यायचाय, बाहेर मेट्रोचे खांब आहेत आणि पुढे दिव्यांची लाल रांग. आज मंगळवार. मटकी काल रात्री भिजत घालायची राहिली, पिठलंच होईल.