कार्नोंचं देणं

मी ज्यांचं देणं लागतो त्यांत कबुतरांची एक जात आहे. व्हाइट कार्नो. पांढरीशुभ्र, थोराड, मूळची फ्रान्स-बेल्जियमकडची, मांसासाठी पाळलेली. त्यातलं एकही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ओळख करून दिली ती परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी.

बाबांचे दिवस आटोपून मी नुकताच परतलो होतो. पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅकनं गेले. ना विडी, ना दारू. भेटायला आलेल्या बायका आईच्या देखत म्हणत, "तुपाचा हात जरा सढळच होता हो." हे ऐकल्यावर सरांनी सांत्वन वगैरे केलं नाही. कपाटातून 1959 सालचा एक शोधनिबंध काढला, नॉर्थ कॅरोलिनातल्या क्लार्कसन, प्रिचर्ड मंडळींचा. "वाच."

त्यातून आणि पुढच्या निबंधांतून कळलं ते असं. कार्नोंना नुसतं धान्य घातलं, कोलेस्टेरॉलचा लवलेश नसलेलं, तरी वयाबरोबर त्यांच्या महाधमनीत चरबीचे थर धरतात. तेही पोटाकडची शाखा फुटते नेमक्या त्या जागी. शो रेसर जातीला तेच दाणे, रक्तातलं कोलेस्टेरॉलही जवळपास तेवढंच, पण धमन्या बऱ्याच अंशी स्वच्छ. म्हणजे खोट धमनीच्या भिंतीतच असणार. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात पुढे दोन्ही जातींचा संकर केला, तेव्हा पुरावा एकाच अप्रभावी जनुकाकडे झुकला. कबुतरांना ना ऑफिसचा ताण, ना लोकलची गर्दी, हे मला तेव्हा फारच पटलं.

सरांनी लगेच लगाम घातला. "तूप निर्दोष सुटलं असं नाही. खाद्यात कोलेस्टेरॉल मिसळलं की कार्नोंचा आजार आणखी बळावतो. आणि माणसाचं सहसा एका जनुकावर भागत नाही. पण आईला हे सांग."

सांगितलं. आईनं विचारलं ते भलतंच. "त्या पाखरांचे आईबाप कोण, हे लिहून ठेवतात?" ठेवतात, म्हटलं. मग तिनं आजोबांचं काढलं, थोरल्या काकांचं काढलं. दोघेही असेच गेलेले, बसल्या जागी. घरात हे कुणी एकत्र मांडलंच नव्हतं. तिनं मला आणि धाकट्याला हृदयाच्या तपासणीला पिटाळलं. माझे रिपोर्ट ठीक आले, धाकट्याचे नाही. तो तेव्हापासून गोळ्या घेतो आणि दर दिवाळीला सरांकडे फराळाचा डबा पोचवतो. करंज्या आईच्या, साजूक तुपातल्या.