उतरल्यावर काय?

मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून जो तो मला एकच सांगत होता. बिनगिअरची स्कूटर घे, मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन जादा चाकं लावून घे, झालं! दोन्ही ब्रेक हँडलवर, अ‍ॅक्सिलरेटर मुठीत, पायाचं काही कामच नाही. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. प्रत्यक्ष स्कूटरवर बसले तेव्हा मात्र मी पुरती गोंधळले. अपघाताआधी मी रोज दुचाकी चालवायचे, आणि आता हातांची तीच सवय आडवी येत होती.

दुचाकी वळणावर आत झुकते. ही झुकत नाही; बाजूची चाकं तिला उभी धरून ठेवतात आणि वळताना अंग बाहेर फेकलं जातं. कमरेत जोर असता तर सावरलं असतं. माझी सगळी भिस्त खांद्यांवर. “ताई, वेग आधी कमी करा, मग अंग आत टाका,” चाकं बसवून देणारे मिस्त्री शेजारून चालत सांगत होते. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, हेही मला तेव्हाच कळलं. कडेने जायला लागले की गाडी सगळीच्या सगळी कलायची आणि माझा जीव मुठीत.

मग एकदा खड्ड्यात अडकले; गंमत नव्हे, भीती. इंजिन ओरडतंय, मागचं चाक गरगर फिरतंय, गाडी जागची हलत नाही. बिघाड काय झाला, काही उमजेना. मिस्त्रींनी वाकून बघितलं: जादा चाकं खड्ड्याच्या दोन कडांवर टेकलेली आणि मधलं, ज्याला इंजिनाची ताकद मिळते ते चाक, अधांतरी. त्यांनी मागून रेटा दिला तेव्हा सुटले. एकटी असते तर?

पायांकडे सारखं बघावं लागतं. पाऊल फूटबोर्डवरून घसरलं किंवा पोटरी तापलेल्या सायलेन्सरला टेकली, तरी मला कळणार नाही. म्हणून पट्टा. बसायला जाड उशी, कारण एकाच जागी दाब पडून जखम झाली तर ती भरून यायला महिने जातात.

कागदपत्रांचं त्या मानाने लवकर समजलं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘अडॅप्टेड व्हेइकल’, म्हणजे अपंगांसाठी बदल केलेली गाडी, हा प्रकार आला. परवाना त्या प्रकारचा काढायचा आणि गाडीतला बदल आरसीवर नोंदवून घ्यायचा.

पण माझं डोकं अडकलंय ते दुसरीकडेच. समजा, बँकेपर्यंत गेले. माझी चाकांची खुर्ची घरी. मग उतरायचं कशावर? इतक्या सल्ल्यांत हा प्रश्न कुणीच काढला नव्हता. आयआयटी मद्रासमध्ये घडवलेल्या ‘निओबोल्ट’ची माहिती वाचली तेव्हा मला हायसं वाटलं, कुणीतरी उलट बाजूने विचार केला होता. २०२१ साली आलेल्या या गाडीत बसल्या खुर्चीलाच पुढून मोटारीचं चाक जोडतात. वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. पोचल्यावर ते सोडवायचं आणि त्याच खुर्चीवरून आत जायचं. चढ-उतार करावीच लागत नाही, आणि माझ्यासारख्यांचं निम्मं बळ त्यातच जातं.

सध्या माझ्याकडे स्कूटर आहे, तर मिस्त्रींना डाव्या अंगाला खुर्चीसाठी स्टँड वेल्ड करायला सांगितलाय. घडी केलेली खुर्ची सीटवरून वळून एका हाताने काढता आली पाहिजे, एवढीच माझी अट. खुर्चीचं वजन, स्टँडची उंची, माझा हात कुठवर पोचतो, सगळी मापं त्यांनी मला बसवूनच घेतली.