चाळणी घरची की विकतची?

"सत्तरी उलटली, आता हे काय नवीन खूळ?" असं माझ्या जावास्क्रिप्टबद्दल धाकटी बहीण विचारते. खूळ असेल बुवा, पण कारण साधं आहे. तलासरी तालुक्यात शिकवताना मी वर्गवार वह्या ठेवत असे... मुलाचं नाव, गाव, पाडा, इयत्ता, साल. आता जुने विद्यार्थी विचारतात, "गुरुजी, आमच्या वर्गात कोणकोण होतं?" म्हणून नातीच्या मदतीने त्या वह्या संगणकात उतरवतोय.

काम काय, तर सगळ्या वह्यांची एक यादी करायची, त्यातून झरीची तेवढी मुलं निवडायची, मग पाड्यावार गट पाडायचे. निकालपत्रक करताना आम्ही मास्तर दुसरं काय करत होतो! नात म्हणाली, "आजोबा, लोडॅश घ्या, सगळं तयार मिळतं."

मी जरा थांबलो. आमच्या डहाणूत चिकू निवडायला बसवायचा तर आधी माणूस बघतात. इथेही तेच. २०१६ साली लेफ्ट-पॅड नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं, आणि जगभर कितीतरी लोकांची कामं अडली. २०१८ ची गोष्ट तर त्याहून वाईट. इव्हेंट-स्ट्रीम हे लोकप्रिय पॅकेज सांभाळणाऱ्याने ते मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हवाली केलं. त्याने त्यात फ्लॅटमॅप-स्ट्रीम जोडलं. नाव याद्या सपाट करणाऱ्याचं, आणि पोटात बिटकॉइन चोरायचा कोड!

लोडॅश तसं नव्हे. २०१२ पासून आहे, आणि स्वतः दुसऱ्या कुठल्या पॅकेजवर अवलंबून नाही. मोठ्या कामाला खुशाल घ्यावं. पण माझ्या कामापुरतं सगळं आता भाषेतच आलंय. मॅप आणि फिल्टर २००९ च्या आवृत्तीपासून, फ्लॅटमॅप २०१९ पासून, आणि गट पाडणारं ग्रुपबाय २०२४ पासून. मग कशाला विकतची चाळणी आणा? शिवाय या वह्यांतली नावं मुलांनी विश्वासाने सांगितलेली. ती कुणा तिऱ्हाईताच्या हातून जाऊ नयेत, एवढंच.

नातीला हे सगळं पटलंय असं नाही. "आजोबा, तुमचा हा कोड पुढे सांभाळणार कोण?" असं तिने विचारलं. प्रश्न रास्तच आहे. सध्या मी सांभाळीन. आणि माझ्यामागे तिला एका बैठकीत वाचून कळेल, इतकाच तो मी ठेवला आहे.