मंगळवार पेठेतील माडी

कोल्हापूरला जाणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, तांबड्या रश्श्याने नाकडोळे पुसतो, चपलांचा एक जोड काखोटीला मारतो आणि रंकाळ्यावरचा सूर्यास्त पाहून परतीची गाडी धरतो. त्याचे काही चुकते असे नाही. पण ज्या गावाला लोक कौतुकाने कलापूर म्हणतात, तिथली कला जवळून पाहायची तर सूर्यास्तानंतरही थोडे थांबावे लागते.

या गावात चित्रकार पुष्कळ, याचे कुणाला नवल वाटत नाही. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, पण परत आले आणि १९३१ साली डोळे मिटेपर्यंत इथलेच पाणी, इथलीच झाडे नि इथलीच उन्हे रंगवीत राहिले. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी १९२० साली ‘सैरंध्री’ पूर्ण केला. मला नवल वाटले ते निराळेच. या गावातले चित्रकार एकत्र बसून एकमेकांच्या चित्रांवर बोलतात, आणि बोलून झाल्यावरही त्यांची मैत्री शाबूत असते!

२०२४ च्या सप्टेंबरात एका स्नेह्याने मला मंगळवार पेठेतल्या अशाच एका माडीवर नेले. खाली सायकलींची गर्दी, वर सतरंजी, भिंतीला खिळ्यांची रांग. मंडळी दहाबारा: शाळेतले चित्रकला शिक्षक, दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर, नखांत अजून सोनेरी रंग असलेला एक गणपतीवाला, कॉलेजातल्या दोन मुली. नियम तीनच. चित्र भिंतीला लागले की पाच मिनिटे कुणी बोलायचे नाही. ज्याचे चित्र, त्याने सर्वांत शेवटी बोलायचे. आणि ‘छान’ म्हणणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. वाङ्मयाच्या बैठकांत हा तिसरा नियम लागू केला तर कित्येकांचे दिवाळे वाजेल, असे माझ्या मनात आले.

पहिले चित्र वांग्यांचे होते. पाटीवाले पेंटर म्हणाले, “वांगी टेबलावर ठेवलीस, पण सावली घरीच विसरलास की रं!” सगळे हसले, सर्वांत मोठ्याने वांगीवाला.

मग एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी आपले जलरंगातले चित्र लावले आणि हसू आपोआप थांबले. चित्र केशवराव भोसले नाट्यगृहाचे होते. शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले हे ‘पॅलेस थिएटर’ ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मास्तरांनी तरुणपणी तिथल्या नाटकांचे पडदे रंगवले होते. गेला महिनाभर ते याच कागदावर बसून होते, असे स्नेह्याने माझ्या कानात सांगितले.

पाच मिनिटे झाली, सात झाली. दुःखाने काढलेल्या चित्राला कोण काय बोलणार? शेवटी मुलींपैकी एक उठून चित्राजवळ गेली.

“मास्तर, सगळं एकाच काळ्यात घातलंयसा,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं गेलो होतो. कोळसा असा कोरडा नव्हता. बंबाच्या पाण्यानं भिजलेला. त्यात आभाळ दिसत होतं.”

कोल्हापूरच्या मुलीच्या तोंडचे ते ‘गेलो होतो’ ऐकून एरवी माझ्यातला मराठीचा मास्तर सुखावला असता. त्या क्षणी मी श्वास रोखून बसलो होतो. म्हातारा माणूस, ताजी जखम, आणि ही पोर त्याला कोळशाचा रंग शिकवते आहे!

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “मीही गेलो होतो,” ते सावकाश म्हणाले. “पण मला काही दिसलंच नाही. घरी येऊन काढलं.” मग त्यांनी वाटीभर पाणी मागवले, एक जाड ब्रश भिजवला आणि कागदावरचा काळा रंग जिथे तिथे हलक्या हाताने उचलायला सुरुवात केली. सुकलेला रंग पुरता निघत नाही. पण करड्या, निळसर फटी दिसू लागल्या. जळक्या तुळयांना तुळयांचा आकार आला. मघाशी तिथे नुसता शोक होता. आता नाट्यगृह दिसू लागले.

मला वाटते, टीकेचे खरे काम एवढेच असते. दुःख सगळ्यांचे सारखेच काळे असते; जळलेली वस्तू मात्र प्रत्येक वेळी वेगळी असते, आणि ती पुन्हा नीट दिसावी म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. आपल्याकडे माणसाची स्तुती तोंडावर होते आणि टीका पाठीमागे.

जिना उतरताना मी त्या मुलीला विचारले, “तुला भीती नाही वाटली?”

तिने वर माडीकडे पाहिले, मास्तरांना ऐकू जात नाही याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “वाटली की. पण सर, मास्तरांसारखा हात अख्ख्या गावात कुणाचा न्हाई!”