‘तू’ ते ‘अहो’

सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ (२०१७) आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला. आम्ही म्हणजे दोघे. विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात एम.ए. मराठीला एका वर्गात होतो, मित्र होतो, पुढे पती-पत्नी झालो. आज दोघेही मराठीच शिकवतो. त्यामुळे मैत्रीतून उमलणाऱ्या प्रेमाच्या कथेकडे तटस्थपणे पाहणे आम्हांला जमणारे नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

अनुराग आणि तन्वी बालमित्र. प्रेम मैत्रीतच दडलेले. ते ओळखेपर्यंत वेळ निघून गेलेली. दोघांची लग्ने इतरत्र होतात आणि अनेक वर्षांनी भेट घडते. अंकुश चौधरी आणि तेजश्री प्रधान ही भेट संयमाने साकारतात. या वेळी आमचे लक्ष गेले ते एका सर्वनामाकडे. इतक्या वर्षांनंतरही दोघे एकमेकांना ‘तू’च म्हणतात.

‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) या याच जातकुळीच्या इंग्रजी चित्रपटात ही गोष्ट दिसणे शक्य नव्हते. मित्र, प्रियकर, नवरा या साऱ्यांना इंग्रजीत एकच द्वितीयपुरुषी सर्वनाम पुरते. मराठीत मात्र नाते बदलले की व्याकरण बदलते.

आमचेच पाहा. एम.ए.च्या पहिल्या वर्षी आम्ही परस्परांना ‘तुम्ही’ म्हणत असू. मुलामुलींत तशीच रीत होती. मर्ढेकरांवरून एकदा बसथांब्यावर कडाक्याचे भांडण झाले आणि त्या भरात दोन्ही बाजूंनी ‘तू’ आले. नांदेडची बस निघून गेली, ‘तू’ राहिले. लग्नानंतर एकत्र कुटुंबात आमच्यापैकी एकीच्या तोंडी ‘अहो’ आले. दुसऱ्याचे ‘तू’ जागच्या जागी राहिले. कुणी सक्ती केली नाही, म्हणून तक्रारही सुचली नाही. पण मर्ढेकरांवरची भांडणे थांबली. ‘अहों’ना विचारता येते, सांगता येते, त्यांच्याशी बरोबरीने भांडता येत नाही.

मित्रांच्या प्रेमकथा बहुधा लग्नाच्या उंबरठ्यावर संपतात. सर्वनाम बदलते ते उंबरठ्याच्या आत. अनुराग-तन्वीचे लग्न झाले नाही, याची हळहळ प्रेक्षकाला वाटते. आम्हांला मात्र त्यांचा किंचित हेवा वाटला.

चित्रपट संपल्यावर आमच्यापैकी एकीने म्हटले, “हे शीर्षकच बघ. आठवण काढणारा तो, जिची काढायची ती. ‘तो सध्या काय करतो’ असं तन्वीला कधी वाटलं, हे कुणी विचारलं का?” दुसऱ्याचे म्हणणे असे की, निवेदनच अनुरागचे असल्याने ही मर्यादा नसून चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे. वाद बराच रंगला. पलीकडच्या खोलीतून मुलगी दारात येऊन उभी राहिली.

“आई, तू बाबांना ‘तू’ म्हणालीस?”

वाद मिटलेला नाही. तो मिटावा अशी आम्हां दोघांचीही इच्छा नाही.